कासवाची झोप आणि माणसाचे घर

ऋतू हा केवळ हवेचा गुण नव्हे, तो देहाचाही धर्म आहे; आणि ज्या प्राण्याच्या देहात ऋतू मुरलेला असतो त्याला चार भिंतींच्या आत आणून अन्न, पाणी व सावली पुरविली म्हणजे त्याच्यावर उपकार झाला, अशी जी समजूत आपल्या सुशिक्षित घरांतून अलीकडे रूढ होऊ पाहत आहे, तिची नीट तपासणी करावी, हा या लेखाचा हेतू आहे. या तपासणीसाठी प्राणी निवडला आहे तो कासव आणि मुलूख निवडला आहे तो किनवटचा. माझे म्हणणे प्रारंभीच सांगून टाकतो: कासवाची दीर्घ निद्रा ही त्याच्या आयुष्यातील उणीव नसून त्याच्या आयुष्याचा गाभा आहे; ती निद्रा घरात मिळू शकत नाही; आणि जे घर ती देऊ शकत नाही त्या घराला कासव ठेवून घेण्याचा नैतिक अधिकारही नाही.

किनवट हा नांदेड जिल्ह्याचा तालुका खरा. परंतु १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी तो हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे, आणि मराठवाड्याच्या उघड्या, काळ्या पठाराशी त्याचे जितके नाते आहे त्याहून अधिक नाते पैनगंगेच्या अंगाने पसरलेल्या सागवनाशी व त्या वनात पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेल्या गोंड, कोलाम, आंध या जमातींशी आहे. येथे पौषात पहाटे हाडे गारठतात, पण उन्हे वर आली की अंगावरचे पांघरूण नकोसे होते. उलट फाल्गुन सरता सरता साग आपली रुंद पाने टाकून उघडा होतो, इस्लापूरजवळ सहस्रकुंडाच्या कातळावरून पावसाळ्यात कोसळणाऱ्या पैनगंगेची धार क्षीण होते, पुढे पात्र डोहाडोहांत तुटते, आणि वैशाखात पारा चव्वेचाळीस अंशांच्या आसपास जाऊन थांबतो. म्हणजे ज्या काळात सृष्टी आपला व्यवहार आवरते, ज्याला थंड देशांत हिवाळा म्हणतात, तो काळ किनवटला थंडीत येत नाही. तो वैशाखात येतो. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढचे सर्व विवेचन सुलभ होईल.

किनवटच्या कासवाकडे येण्यापूर्वी थंड देशातील एक कासव पाहू. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील पानझडीच्या वनांत ‘बॉक्स टर्टल’ या नावाचे पाचसहा इंच लांबीचे एक कासव राहते. त्याच्या पोटाकडील कवचाला आडवी बिजागरी असते, आणि भय वाटताच ते मान व पाय आत ओढून ती बिजागरी अशी मिटून घेते की आत सुरीचे पाते शिरण्याइतकीही फट राहू नये. ल्युसिल स्टिकेल या विदुषींनी मेरीलँडमधील पॅटक्सेंट येथे १९४४ पासून या कासवांचा जो प्रदीर्घ अभ्यास केला, त्यातून असे दिसून आले की प्रत्येक कासव शंभरएक मीटर व्यासाच्या आपल्या टापूत वर्षानुवर्षे वावरते आणि त्या टापूची सीमा सहसा ओलांडत नाही. असा हा स्थाननिष्ठ, पन्नासाहून अधिक वर्षे जगू शकणारा जीव उचलून घरात ठेवण्याची चाल तिकडे जुनी आहे. थंडी पडू लागली की त्या घरांत दरवर्षी एकच प्रश्न उभा राहतो: या कासवाला हिवाळ्यात झोपू द्यावे, की दिव्याची ऊब देऊन जागे ठेवावे? एक पक्ष म्हणतो, झोपू दिले तर ते झोपेतच मरण्याची भीती. दुसरा म्हणतो, जागे ठेवले तर त्याच्या देहाचा क्रम बिघडतो. दोन्ही पक्षांत कासवावर मनापासून माया करणारी माणसे आहेत, आणि दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण ज्या प्रश्नाची दोन्ही उत्तरे दुखावतात, तो प्रश्न मुळात कुणी निर्माण केला, हे विचारण्यावाचून गत्यंतर नाही.

प्रथम ही निद्रा म्हणजे काय ते पाहू. आपल्यासारखे सस्तन प्राणी स्वतःच्या देहात स्वतःची ऊब निर्माण करतात. कासवाला ती बाहेरून, सूर्याकडून आणि भूमीकडून घ्यावी लागते. बाहेरचे तापमान उतरले की त्याच्या रक्ताचे अभिसरण मंदावते, श्वास विरळ होतो, पचन थांबते, आणि दिवसाकाठी लागणारी शक्ती इतकी अल्प उरते की शरद ऋतूत साठविलेल्या मेदावर ते महिनोन्‌महिने तरून जाते. बॉक्स टर्टल हे पाचोळ्याखालच्या सैल मातीत स्वतःला पुरून घेते, आणि क्वचित्‌ देहातील पाण्याचा काही अंश गोठला तरी वाचते, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. त्याच खंडातील रंगीत कवचाचे एक पाणकासव गोठलेल्या तळ्याच्या तळाशी तीन-तीन महिने प्राणवायूवाचून राहते. ब्राऊन विद्यापीठातील डोनाल्ड जॅक्सन यांनी दाखवून दिले की त्या अवस्थेत रक्तात साचणाऱ्या आम्लाचा मारा ते आपल्या कवचातील कॅल्शियमने परतवते. म्हणजे ज्या कवचाला आपण ढाल समजतो ते कवच शत्रूपासून जितके वाचवते तितकेच हिवाळ्यापासूनही वाचवते. निद्रेची तयारी कासवाच्या हाडांपर्यंत पोचलेली आहे.

परंतु या निद्रेला एक कठोर अट आहे: थंडी पुरेशी हवी आणि स्थिर हवी. चार ते आठ अंश सेल्सिअसच्या आसपास देह जवळजवळ थांबतो. पंचविसाच्या वर तो खातो, पचवतो, हिंडतो. या दोहोंच्या मध्ये, विशेषतः दहा ते पंधरा अंशांच्या पट्ट्यात, कासव ना धड जागे असते ना धड निजलेले. तेथे पोटातील अन्न पचत नाही, ते कुजू लागते. साठा मात्र झिजत राहतो. रोगाशी झुंजण्याची शक्ती मावळते. बंगल्यातील थंड व्हरांडा, गच्चीवरील पेटी, पलंगाखालचा कोपरा या जागा नेमक्या याच मधल्या पट्ट्यात मोडतात. पाळलेले कासव हिवाळ्यात खाईनासे होऊन डोळे मिटून बसते तेव्हा घरच्यांना वाटते की ते झोपले. पुष्कळदा ते झोपलेले नसून हळूहळू उपासाने संपत असते. ही अर्धी झोप म्हणजे घराने कासवाला दिलेली शिक्षा आहे, आणि ती शिक्षा देणाऱ्याला आपण ती देत आहो याची जाणीवही नसते, हे तिचे सर्वांत दारुण अंग होय.

यावर कुणी गिल्बर्ट व्हाइटचा दाखला देईल. इंग्लंडमधील सेलबोर्न गावच्या या पाद्र्याला १७८० साली आपल्या आत्याकडून, तिच्या मृत्यूनंतर, एक वृद्ध कासव मिळाले. त्या कासवाच्या वागणुकीच्या नोंदी व्हाइटच्या १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या सेलबोर्नच्या निसर्गेतिहासात आहेत. परंतु तो दाखला माझ्याच पक्षाचा आहे. व्हाइटने ते कासव घरात ठेवले नाही, बागेत ठेवले. ते केव्हा भूमीत शिरते आणि केव्हा वर येते हे त्याने कासवावरच सोपविले आणि स्वतःकडे केवळ पाहण्याचे व लिहिण्याचे काम घेतले. मार्च महिन्यात निजलेले कासव उकरून ऐंशी मैल गाडीतून आणले तेव्हा प्रवासाच्या हिसक्यांनी ते जागे झाले, बागेत फिरले, आणि संध्याकाळी गारवा पडताच पुन्हा मातीत शिरले, हे त्याने नमूद केले आहे. व्हाइट १७९३ मध्ये वारला. कासव त्याच्या मागे वर्षभराने गेले. त्याचे कवच लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहे, आणि ज्याला सारे आयुष्य ‘टिमथी’ हे पुरुषी नाव मिळाले ते कासव मादी होते असे त्या कवचावरून पुढे ठरले. इतक्या वर्षांच्या सहवासातही माणसाला कासवाविषयी किती थोडे कळते याचा हा पुरावा आहे. मात्र त्याची झोप व्हाइटने त्याच्यापाशीच राहू दिली, आणि म्हणूनच ती नोंद आजही वाचनीय आहे.

आजचे जाणते पालक काय करतात? ते दोनतीन आठवडे आधी अन्न तोडतात, कोमट पाण्यात बसवून कासवाचे आतडे रिकामे होऊ देतात, त्याचे वजन टिपून ठेवतात, आणि मग माती व कोरड्या पाल्याने भरलेल्या पेटीत घालून ती पेटी शीतकपाटात, पाच अंशांवर, ठेवून देतात. अधूनमधून दार उघडून हवा खेळती ठेवतात, वजन घटले तर उठवितात. या लोकांच्या काळजीविषयी मला आदर आहे. पण या सर्व खटाटोपाचा अर्थ काय होतो? आपण प्राण्याला त्याच्या हिवाळ्यापासून तोडले, आणि मग तोच हिवाळा यंत्राने पुन्हा उभा करण्यासाठी घड्याळ, तराजू आणि तापमापक घेऊन बसलो. ज्या गोष्टीची भरपाई करण्यास एवढी सामग्री लागते त्या गोष्टीचे मोल किती असेल, याचा अंदाज या सामग्रीवरूनच यावा.

आता आपल्याकडे वळू. नांदेडसारख्या शहरांतून माशांच्या दुकानांत नाण्याएवढी हिरवी पिल्ले विकली जातात. त्यांच्या डोळ्यामागे तांबडा पट्टा असतो. ती अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली, ‘रेड-इअर्ड स्लायडर’ जातीची. पाहुण्याच्या हातून अशी जोडी किनवटच्या एखाद्या घरात येते. काचेची पेटी, तळाशी रंगीत खडे, वीतभर पाणी आणि वर बसण्यास जागा नाही, अशा अवस्थेत ती वाळवलेल्या झिंग्यांवर वाढू लागतात. पेटी खिडकीशी ठेवली म्हणजे ऊन मिळाले असे घरच्यांना वाटते. पण हाडे व कवच घट्ट होण्यासाठी सूर्याचे जे अतिनील किरण लागतात ते काच अडवून धरते, आणि म्हणून ‘उन्हात’ वाढलेल्या कासवाचे कवच बोटाने दाबले जाईल इतके मऊ राहते. जीवनसत्त्व ‘अ’ कमी पडले की पापण्या सुजून डोळे मिटतात. पुढे ते पिल्लू वाढून ताटाएवढे होते आणि पेटी अपुरी पडते. अशा कासवाला किनवटच्या पौषात झोपवावे म्हटले, तर येथे पहाटे आठ-दहा अंश आणि दुपारी सत्तावीस-अठ्ठावीस. म्हणजे वर वर्णिलेल्या त्या घातक पट्ट्यातून त्याला दररोज दोनदा जावे लागणार. जागे ठेवावे म्हटले, तर रात्रभर दिव्याची ऊब हवी, आणि वीज गेली की तीही गेली. किनवटच्या घरात मिसिसिपीचा हिवाळा नाही आणि मिसिसिपीचा उन्हाळाही नाही. तेथे त्या जीवाला ऋतूच उरत नाही.

परंतु परदेशी कासवांपेक्षा मला अधिक चिंता वाटते ती आपल्या मुलखातील कासवाची. गावतळी, पाझर तलाव, भातखाचरांचे पाणी आणि नद्यांचे संथ डोह यांत राहणारे, मऊ पाठीचे एक कासव भारतभर आढळते. शास्त्रीय परिभाषेत त्याचे नाव लिसेमिस पंक्टाटा. त्याच्या पाठीवर खवल्यांच्या जागी कातडे असते, नाक सोंडेसारखे पुढे आलेले असते, आणि पोटाकडे मागील पायांवर पडणाऱ्या मांसल झडपा असतात. पाय आत ओढले की त्या झडपा खाली येऊन देहाचा ओलावा आतच कोंडून धरतात. तळे आटू लागले की हे कासव एकतर ओल्या रात्री दुसऱ्या पाण्याच्या शोधात निघते, किंवा गाळात शिरते. वरचा गाळ वाळतो, त्याला भेगा पडतात, भेगांच्या कडा वर उचलल्या जातात, गुरे त्यावरून चालत जातात; खाली कासव मान आत घेऊन, झडपा मिटून, थोडक्या ओलीवर आणि साठविलेल्या मेदावर मृगाची वाट पाहत असते. साग ज्या कारणाने पाने टाकतो त्याच कारणाने हे कासव हालचाल टाकते. दोघेही पाण्याच्या दुष्काळात खर्च थांबवून जगतात. ज्या भूमीत हे दोघे वाढले त्या भूमीने त्यांना दिलेली ही शहाणीव आहे.

इतकेच नव्हे, तर ही शहाणीव अंड्यापासूनच सुरू होते. या जातीच्या अंड्यातील गर्भाची वाढ काही काळ थबकते. अंडी कित्येक महिने मातीत पडून राहतात, आणि पिल्ले बाहेर येतात ती तळी भरण्याच्या सुमारास. ज्याला अजून डोळे फुटलेले नाहीत तो गर्भसुद्धा पावसाचा हिशेब जाणतो असे म्हणावेसे वाटते. अशा प्राण्याला भर उन्हाळ्यात गाळातून उपसून, तो तडफडत असावा अशा करुणेने घरी नेऊन पाण्याच्या टाक्यात सोडणारा मनुष्य दुष्ट नसतो, तो अजाण असतो. पण त्याच्या करुणेमुळे त्या कासवाचे वर्ष मध्येच मोडते. ज्याला आपण संकट समजलो ती त्याची विश्रांती होती. आपल्या भावना दुसऱ्या प्राण्याच्या देहावर लादल्या की दयेचेही रूपांतर अत्याचारात होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

यावर पहिला आक्षेप असा येतो की घरात कासवाला शत्रू नाही, उपासमार नाही, दुष्काळ नाही. ते रानातल्यापेक्षा अधिक वर्षे जगेल. हा आक्षेप वरकरणी भक्कम दिसतो. परंतु आयुष्याची लांबी हे आयुष्याचे एकमेव माप मानले, तर कैदेतील सुरक्षितपणालाही सुख म्हणावे लागेल. शिवाय ही लांबीही बहुधा काल्पनिक असते, कारण दुकानातून आलेल्या पिल्लांपैकी अनेक पहिल्या वर्ष-दोन वर्षांतच दगावतात, आणि जी जगतात त्यांचे देह वाकडे वाढतात. आणि मूळ मुद्दा असा की विश्रांतीचा ऋतू, जागृतीचा ऋतू, समागमाचा ऋतू, अंडी घालण्याचा ऋतू हे कासवाच्या देहात एकाच साखळीचे दुवे आहेत. थंड देशांतील कितीएक जातींत दीर्घ निद्रा झाली नाही तर पुढचे प्रजनन मंदावते. एक दुवा काढून घेतला की उरलेली साखळी केवळ लोखंड राहते. जे जगते ते कासवाचे शरीर असते. कासवाचे जगणे थांबलेले असते.

दुसरा आक्षेप शिक्षणाचा. मुले घरात प्राणी पाहतात, त्यातून त्यांना जीवसृष्टीविषयी प्रेम वाटू लागते, असे म्हणतात. प्रेम आणि ताबा यांची गल्लत मुलांना लहानपणीच शिकवावी काय, हा माझा प्रतिप्रश्न आहे. जे. विजया या तरुण संशोधिकेने १९८२ साली केरळच्या अरण्यात जाऊन, १९१२ नंतर शास्त्रज्ञांच्या नजरेस जवळजवळ न पडलेल्या एका वनकासवाचा पुन्हा शोध लावला. १९८७ साली ती अकाली गेली. २००६ मध्ये त्या कासवाच्या प्रजातीला तिचे नाव देण्यात आले, आणि आज ते ‘विजयाकेलिस’ म्हणून ओळखले जाते. तिचे ज्ञान तिला रानात, कासवाच्या घरी जाऊन मिळाले. कोकणात मंडणगड तालुक्यातील वेळास गावाने २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या मार्गदर्शनाखाली ऑलिव्ह रिडले जातीच्या सागरी कासवांची घरटी राखली. पिल्ले अंड्यातून बाहेर आली की ती समुद्राकडे सोडायची आणि पाहणाऱ्यांनी दोरीच्या अलीकडे उभे राहायचे, एवढाच तेथील उत्सव. त्या दोरीच्या अलीकडे उभे राहिलेले मूल जे शिकते ते काचेच्या पेटीसमोर बसलेले मूल कधीही शिकणार नाही: की सुंदर वस्तू आपली नसतानाही तिच्यावर प्रेम करता येते.

तिसरा आक्षेप श्रद्धेचा, आणि तो मी अधिक गांभीर्याने घेतो. कूर्म हा विष्णूचा अवतार. महाराष्ट्रातील देवळांच्या सभामंडपात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाला उपमा दिली आहे ती अवयव आवरून घेणाऱ्या कासवाचीच. म्हणून घरात कासव असणे शुभ, असे लोक मानतात. परंतु देवळातील कासव दगडाचे आहे याकडे आपले लक्ष का जाऊ नये? पूर्वजांनी ज्याला पूज्य मानले त्याला दावणीला बांधले नाही; त्यांनी त्याची मूर्ती घडविली आणि त्याला पाण्यात राहू दिले. आपल्या संतांनी कासवीची जी प्रतिमा पुन्हापुन्हा वापरली तीही येथे स्मरणीय आहे: कासवी आपल्या पिलांना अंगावर पाजत नाही, पंखाखाली घेत नाही, ती केवळ दृष्टीने त्यांचे पोषण करते. जीवशास्त्राच्या दृष्टीने हे खरे नाही, कारण बहुतेक कासवी अंडी पुरून निघून जातात. परंतु नीतीच्या दृष्टीने त्या प्रतिमेत मोठा उपदेश आहे. स्पर्श न करता, जवळ न ओढता, दुरून राखलेली माया हीच सर्वांत थोर माया, असे ती प्रतिमा सांगते. आषाढी एकादशीस देव निजतात आणि कार्तिकीस उठतात, तोवर मंगलकार्ये थांबवावी, असे मानणाऱ्या समाजाला निद्रेचे पावित्र्य नव्याने शिकवण्याची आवश्यकता नसावी.

श्रद्धेच्या याच वाटेवर पुढे लोभाचा अड्डा आहे. वीस नखांचे कासव मिळाले तर त्याच्या योगाने पैशांचा पाऊस पाडता येतो, गुप्तधन हाती लागते, अशी थाप मारून भोळ्या माणसांना लुबाडणाऱ्या टोळ्या महाराष्ट्रात पकडल्या गेल्या आहेत. अशा ठकबाजीला आळा घालण्यासाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. पिवळ्या चांदण्यांच्या पाठीचे तारा-कासव तर आपल्या मराठवाड्याचे नव्हेच. ते गुजरात-राजस्थानच्या आणि आंध्र-कर्नाटक-तामिळनाडूच्या कोरड्या रानांतले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आंध्र-कर्नाटकाच्या सीमेवरील एकाच व्यापारकेंद्रातून वर्षाला किमान ५५,००० तारा-कासवे रानातून उचलली जात असल्याचे आढळले. २०१९ मध्ये वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराने तारा-कासवाला सर्वोच्च संरक्षणाच्या पहिल्या परिशिष्टात घातले. शुभशकुनाच्या नावाने घरात आलेल्या प्रत्येक तारा-कासवामागे त्याचे ओसाड झालेले एक माळरान उभे आहे, हे विकत घेणाऱ्याने विसरू नये.

सरकारी कायदाही याबाबतीत संदिग्ध नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या भाषेत शिकार म्हणजे केवळ मारणे नव्हे. पकडणे हीही शिकारच. आपले मऊ पाठीचे कासव त्या अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीस बसविलेले आहे, आणि त्या अनुसूचीतील प्राण्याविरुद्धच्या गुन्ह्यास किमान तीन वर्षांची कैद आहे. असा प्राणी कुणाच्या ताब्यात आला तर त्याने अठ्ठेचाळीस तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यास किंवा अधिकृत अधिकाऱ्यास वर्दी द्यावी, अशी तरतूदही त्यात आहे. घरात असे कासव असलेल्या माणसाने ते मुकाट्याने पैनगंगेत सोडून मोकळे होऊ नये. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि ते रीतसर सोपवावे, कारण बंदिवासात जडलेले रोग ते नदीतील निरोगी कासवांना लावील. परदेशी कासवाच्या बाबतीत तर हे पथ्य दुपटीने पाळले पाहिजे. गुवाहाटीच्या उग्रतारा मंदिराच्या तळ्यात २०१८ साली तांबड्या कानाचे हे अमेरिकी कासव आढळले; अशी सोडलेली कासवे देशी जातींच्या अन्नावर व उन्हात बसण्याच्या जागांवर हक्क सांगू लागतात. ज्याने परदेशी कासव आणले त्याने त्याचे आयुष्यभराचे ओझे वाहावे: प्रशस्त पाणी, बसण्यास कोरडी जागा, काचेआडचे नव्हे तर खरे ऊन आणि हिवाळ्यात स्थिर ऊब त्याला द्यावी, आणि पुन्हा दुसरे आणू नये.

इथवर मी घराविषयी बोललो. पण किनवट-माहूरच्या मुलखात कासवाच्या निद्रेवर घराहूनही मोठे आक्रमण तलावांच्या गाळात होते, आणि त्याचा उच्चार केल्यावाचून हा विचार पुरा होणार नाही. २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना राज्यात सुरू झाली. तिचे हित उघड आहे: तलावाची साठवण वाढते, हलक्या रानावर सुपीक गाळ पडतो, आणि कोरडवाहू कापसाच्या शेतकऱ्याला तो सोन्याहून मोलाचा वाटतो. तिला विरोध करण्याचा विचारही माझ्या मनात नाही. मात्र गाळ काढण्याचा हंगाम चैत्र-वैशाखाचा, आणि कासवाने त्याच गाळात निजण्याचा हंगामही चैत्र-वैशाखाचा. जेसीबीचा दात गाळात शिरतो तेव्हा त्याच्या वाटेत निजलेल्या कासवाला जाग येण्यास अवधी नसतो. वाचले तर ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून दोन कोसांवरच्या तापलेल्या शेतात पडते, जेथे लपायला ओल नाही आणि परतायला वाट नाही. काचेच्या पेटीत कासवाची निद्रा एकेक करून मोडली जाते. येथे ती ट्रॉलीगणिक मोडली जाते, आणि तीही कुणाच्या मनात काडीचेही वैर नसताना.

यावर उपाय खर्चाचा नाही. तलावाचा सर्वांत खोल भाग आणि झाडीकडील काठाची एक पट्टी यांना त्या वर्षी हात लावू नये. दुसऱ्या वर्षी हवे तर ती पट्टी घ्यावी आणि आदल्या वर्षी उपसलेल्या काठाची पट्टी सोडावी. यंत्र चालविणाऱ्याच्या पुढे गावातील एक जाणता मनुष्य असावा. कोळी, भोई किंवा गुराखी यांना कासव कुठे शिरते ते कुणी शिकवावे लागत नाही. कासव निघालेच तर त्याला बादलीभर पाण्यात न बुडविता ओल्या गाळात, सावलीत ठेवावे आणि वनरक्षकाला बोलवावे. घरी नेऊ नये, मुलांच्या हाती देऊ नये, देवघरात ठेवू नये.

माणसाच्या संस्कृतीची कसोटी आपण पुष्कळदा त्याच्या दानशूरतेवरून घेतो: त्याने काय दिले, किती दिले. कासवाच्या बाबतीत ही कसोटी पुरत नाही, कारण कासव आपल्याकडून काहीच मागत नाही. त्याला हवा असतो तो ओल्या मातीचा हातभर थर आणि कुणीही न मोडलेला काही महिन्यांचा काळ. ते देण्यासाठी आपल्याला काही करावे लागत नाही, काही न करण्याचा निश्चय करावा लागतो. आणि हा निश्चय एकट्यादुकट्याच्या दयेवर सोडण्यापेक्षा गावाच्या ठरावात उतरलेला बरा. किनवट तालुक्यातील ज्या ज्या ग्रामपंचायती यंदा गाळ उपसण्याचा अर्ज करतील, त्यांनी ग्रामसभेच्या ठरावात इतके कलम अवश्य वाढवावे, की खोल भाग व झाडीकडील पट्टी पावसाळ्यापर्यंत तशीच राखली जाईल. या एका कलमाने गावाचे पाणी कमी होणार नाही, कुणाच्या शेताचा गाळ तुटणार नाही. आणि वन्यजीवांचे संरक्षण हे केवळ अभयारण्याच्या फाटकाआड चालणारे सरकारी खाते नसून आपल्या शिवारातील नित्याचा व्यवहार आहे, हे आपल्या मुलांना कोणत्याही काचेच्या पेटीपेक्षा अधिक चांगले कळेल.